अडलं तर ओढू नये

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'घरातलं तंत्रज्ञान' या विषयावर दहा मिनिटं बोला, असं आपल्या चिटणीसांनी मला सांगितलं. सिग्नल खात्यातला माणूस आहे, तेव्हा इन्व्हर्टर, अर्थिंग असं काही उपयोगाचं सांगेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र माझ्या हातून झालेल्या एका मोडतोडीची गोष्ट सांगणार आहे. वस्तू अगदी लहान. मोबाईलचं सिमकार्ड. पण त्या एवढ्याशा तुकड्यानं मला जे शिकवलं, ते डिप्लोमाच्या तीन वर्षांतही कोणी शिकवलं नव्हतं.

गोष्ट २०१६ सालची. त्या वर्षी गणेशचतुर्थी ५ सप्टेंबरला होती. आदल्या रात्री आरास करताना माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि बंद झाला. आता आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, सिग्नलवाल्याचा फोन बंद राहून चालत नाही. रात्री दोनला पॉइंट अडकला, ट्रॅक सर्किट गेलं की पहिला फोन आपल्यालाच. तेव्हा मी ठरवलं की माझं सिमकार्ड सौ.च्या फोनमध्ये घालायचं आणि तिचं काढून रात्रीपुरतं बाजूला ठेवायचं.

इथे थोडं मापांबद्दल सांगतो, कारण सगळा घोटाळा मापाचाच आहे. पहिली सिमकार्डं १९९१ साली जर्मनीत म्युनिचच्या एका कंपनीनं बनवली, ती फिनलंडच्या मोबाईल सेवेसाठी. तेव्हा ती आपल्या एटीएम कार्डाएवढी होती. पुढे मिनी आलं, २५ बाय १५ मिलिमीटरचं. मग मायक्रो, १५ बाय १२. आणि २०१२ पासून नॅनो, १२.३ बाय ८.८. लांबी-रुंदी कमी झाली हे डोळ्यांना दिसतं. पण मिनी आणि मायक्रो ०.७६ मिलिमीटर जाड आणि नॅनो ०.६७, हे दिसत नाही. फरक फक्त ०.०९ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाएवढा. मोठं कार्ड कात्रीनं कापून नॅनो करणारी मंडळी इथेच फसतात. कार्ड आत जातं, पण दाटून बसतं आणि बाहेर यायला तयार होत नाही.

माझं कार्ड नॅनो होतं आणि सौ.च्या फोनचा खण मायक्रोचा. अशा वेळी प्लास्टिकची एक चौकट मिळत असे, अ‍ॅडॉप्टर म्हणायचे तिला. लहान कार्ड त्या चौकटीत बसवायचं आणि दोन्ही मिळून आत सरकवायचं. माझ्याकडे ती चौकट होती. पण मी पडलो इंजिनिअर. कुठलीही वस्तू बसवण्याआधी ट्रायल घ्यायची, ही आपली सवय. म्हणून मी आधी नुसती रिकामी चौकट आत घालून पाहिली. काय सुरेख गेली! लोण्यात सुरी जावी तशी. मी स्वतःवर खूश झालो.

मंडळी, नेमकी हीच चूक होती. खणाच्या आत सहा-आठ बारीक स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. एक वीज देते, एक अर्थ, एक रीसेट, एक क्लॉक, एक माहितीची ने-आण करते. कार्ड आत असलं की ते या पट्ट्यांना दाबून धरतं. कार्ड नसलं की पट्ट्या वर उठतात. रिकाम्या चौकटीच्या मधल्या खिडकीतून त्या वर आल्या. चौकट मागे ओढू लागलो तर चौकटीची कड त्यांच्यात अडकली. जाताना वाट मोकळी होती, येताना फाटक बंद!

तिथेच थांबायला हवं होतं. आमच्या रिले रूममध्ये मीच पोरांना सांगत असतो, रिले प्लगबोर्डात बसत नसेल तर जोर लावू नका. आपल्याकडच्या क्यू जातीच्या रिलेंना कोडिंगच्या पिना असतात. पिना आणि भोकं जुळली नाहीत तर तो रिले त्या जागी बसतच नाही. चुकीचा रिले चुकीच्या जागी बसून उलटा सिग्नल मिळू नये, म्हणून कोणीतरी आधीच केलेली ती सोय आहे. अडणं म्हणजे वस्तूनं आपल्याला 'थांब' म्हणणं. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, तोही त्याचसाठी. कार्ड उलटं बसू नये म्हणून. पण माझ्या रिकाम्या चौकटीचाही कोपरा तसाच कापलेला, त्यामुळे खणाला ती परकी वाटली नाही.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस त्या रात्री काय करतो? नोज प्लायर घेतो आणि ओढतो. बारीकसा 'टक्' आवाज झाला. चौकट हातात आली. मग कार्ड चौकटीत नीट बसवून आत घातलं. फोन म्हणाला, सिमकार्ड नाही. माझं काढून सौ.चं कार्ड परत घातलं. तरी तेच.

माझं फारसं अडलं नाही. मी स्टेशनवर सांगून ठेवलं आणि रात्री तिथेच रेल्वेच्या जुन्या फोनजवळ आडवा झालो. अडलं ते सौ.चं. दुसऱ्या दिवशी अमरावतीला तिच्या आईची अँजिओग्राफी होती आणि भावाचा फोन तिच्याच नंबरावर येणार होता. सकाळी प्रतिष्ठापना, नैवेद्य, आरती सगळं झालं, पण तिचं लक्ष त्या मुक्या फोनकडे. शेवटी दुपारी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून बोलणं झालं. सासूबाई ठीक होत्या. पण सणाच्या दिवशी तिच्या जिवाला पाच तास घोर लागला, तो माझ्यामुळे.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण एवढ्यासाठीच मी आज उभा आहे. सकाळी तिनं विचारलं, "अहो, हा असा कसा बंद पडला? काल दुपारी चिरंजीव गेम खेळत होते ना?" आणि मी म्हणालो, "हो, असेल." दोन शब्द. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. तो म्हणाला, "बाबा, मी सिमला हातसुद्धा लावला नाही." मी म्हणालो, "बरं, बघू." बस्स. दिवसभर तो मोदकाला हात न लावता कोपऱ्यात बसून होता आणि मी पाहुण्यांशी हसत-बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मुलगाही बरोबर होता. दुकानातल्या पोरानं, विशीचासुद्धा नसेल, भिंगाखाली आत बघितलं आणि क्षणात म्हणाला, "अंकल, खाली अ‍ॅडॉप्टर डालके खींचा है ना? दो पिन टूट गए." मुलानं माझ्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

आपल्या खात्यात फेल्युअर झालं की त्याचं कारण लिहावं लागतं. 'पाहिलं तेव्हा ठीक होतं' असं लिहून मोकळं होण्याचा मोह किती मोठा असतो, हे इथे बसलेल्या सहकाऱ्यांना मी सांगायला नको. पण खोटं कारण लिहिलं की खरा दोष तिथेच राहतो आणि पुन्हा कुठल्यातरी रात्री डोकं वर काढतो. वर ज्याचा दोष नाही असा एखादा टेक्निशियन त्यात भरडला जातो. हे मी ट्रेनिंगमध्ये दहा वेळा बोललो असेन. घरी मात्र तेच खोटं कारण लिहून बसलो होतो, आणि माझा टेक्निशियन होता अकरा वर्षांचा.

त्या रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. चौकट, प्लायर, 'टक्' आवाज, सगळं. सौ. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फोनचं काही नाही हो. त्याला आधी सांगायला हवं होतं." मुलाची मी माफी मागितली. खणाचा कनेक्टर मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो काढून नवीन बसवला आणि फोन पुढे तीन वर्षं चालला.

आता चिटणीसांच्या समाधानासाठी चार उपयोगाच्या गोष्टी. कार्ड घालण्याआधी फोन बंद करा. ट्रे बाहेर काढण्याची पिन भोकात सरळ दाबा, आणि भोक तेच आहे ना हे आधी बघा, कारण शेजारचं तसलंच भोक बहुधा माईकचं असतं आणि तिथे पिन खुपसली तर तुमचा आवाज पलीकडे जाणार नाही. ट्रे ज्याचा त्याच फोनला घाला. कार्ड ट्रेमध्ये सपाट बसलं आहे ना, हे उजेडात पाहा. कापलेलं कार्ड वापरू नका, कंपनीकडून योग्य मापाचं बदलून घ्या. रिकामी चौकट कधीही आत घालू नका. आणि अडलं तर ओढू नका, जाणत्या माणसाकडे न्या.

काही वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही, असं म्हणतात. ई-सिम आलं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ पासून सिमचा खणच नाही. खण गेला की पट्ट्या गेल्या, पट्ट्या गेल्या की मोडणंही गेलं. पण हातून काही मोडलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायची सवय, तिच्यासाठी अजून कुठली सोय निघालेली नाही. ती ज्यानं त्यानंच करायची.

मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. घरात मी पाना-पक्कड हातात घेतली की हळूच विचारतो, "बाबा, ट्रायल झाली का?" मी म्हणतो, "नाही रे, आधी तू बघ."



गणपती बाप्पा मोरया!