बांबू, पीव्हीसी आणि सांधा: सुट्या भागांचे दिवे

आजचा भाग दिव्यांबद्दल. दिवसभर कोड लिहिणारा माणूस घरी दिवे का बनवत बसतो? कारण प्रश्न तोच आहे: सुटे भाग एकमेकांना जोडायचे कसे?

आज बाजारातल्या बऱ्याच टेबल लॅम्पमध्ये एलईडी आत कायमचा बसवलेला असतो. तो गेला की धडधाकट स्टँड आणि वायरसुद्धा भंगारात. याउलट आपला आकाशकंदील बघा. कागद फाटला तर कागद बदला, बल्ब गेला तर बल्ब. कामट्यांचा सांगाडा पुढच्या दिवाळीलाही चालतो.

दोन जुने दिवे मला खूप शिकवतात. शिल्पकार इसामू नोगुची १९५१ मध्ये जपानमधल्या गिफूला गेला आणि तिथल्या पारंपरिक कंदिलांवरून त्याने 'आकारी' दिवे घडवले. झाडाच्या सालीपासून केलेला कागद, बांबूच्या कामट्या, आत विजेचा बल्ब. घडी केली की चपटे होतात. दुसरा दिवा इटलीतल्या कास्तिल्योनी बंधूंचा, १९६२ चा 'तोयो'. वर गाडीचा हेडलाइट, खाली वजन म्हणून चक्क ट्रान्सफॉर्मर आणि वायर धरायला मासेमारीच्या रॉडच्या कड्या!

माझे प्रयोग या दोघांच्या मधले. बांबू कधी नेमका गोल नसतो, वाळला की आकसतो. पीव्हीसीचा कपलर मात्र ठरलेल्या मापाचा. मग हा फरक कोणी सांभाळायचा? सांध्याने. मी ३२ मिलिमीटर पाइपचा कपलर घेतो, त्याहून जरा बारीक बांबू निवडतो, टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो आणि दाबून बसवतो. गोंद नाही, स्क्रू नाही. पिळून ओढलं की सुटतं.

विजेचंही तसंच. प्रत्येक भागाला एकाच मापाचा डीसी जॅक, आणि भिंतीपाशी १२ व्होल्टचा तयार अडॅप्टर. म्हणजे आपण हात लावतो त्या भागात २३० व्होल्ट येतच नाहीत. १२ व्होल्टची साधी एलईडी पट्टी बहुतेक वेळा दर तीन एलईडींनंतर, खुणेवर कापता येते, त्यामुळे नारळाच्या करवंटीतही मावते. करवंटीला वरून भोकं मात्र पाडा. एलईडी कमी तापतो, पण कोंडलेल्या उष्णतेने त्याचं आयुष्य घटतं. आणि भाग वाढवताना वॅटची बेरीज करा: २ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे २४ वॅट, त्यातही थोडी जागा शिल्लक ठेवायची.

सॉफ्टवेअरमध्ये आपण इंटरफेस पक्का ठेवतो आणि आतला कोड बदलत राहतो. इथेही सांधा पक्का ठेवा. मग वर करवंटी लावा, कागद लावा, नाहीतर पत्र्याचा डबा. दिवा जुना होतो, पण टाकावा लागत नाही.

घरात एखादा बंद पडलेला लॅम्प असेल, तर टाकण्याआधी प्लग काढून उघडून बघा. नेमका कुठला भाग गेलाय, आणि तो सुटा निघतो का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!