विलंबाची किंमत



कुष्ठरोगात कोपराजवळील नसेला इजा झाली, की करंगळी व अनामिका आत वळतात. मजुराचा हात आणि रोजगार दोन्ही जातात. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णप्रमाण दर दहा हजारी एकपेक्षा कमी झाले. रोग मात्र संपला नाही. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतो. तरीही बुडणारी मजुरी व सामाजिक कलंक यांमुळे निदान लांबते. इजा सहा महिन्यांच्या आतील असल्यास प्रेडनिसोलोनने नस सावरू शकते. पुढे उरते ती शस्त्रक्रिया, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाअखेर तिचा पाया घातला. तिने बोटे सरळ होतात, पण गेलेली संवेदना परतत नाही. सारांश, उपचार मोफत असला तरी विलंब मोफत नसतो.