रॅली म्हणजे निवडणुकीची?



आमच्या धानोऱ्यात मोटारींची शर्यत कधी झाली नाही, होईल असंही वाटत नाही. आम्हाला माहीत ती सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणकार गिऱ्हाईक घोडा नुसता पळवून बघत नाही. रेवाल चालीचा घोडा वेगळा, नाचणारा वेगळा, धावणारा वेगळा. ज्याची त्याची किंमत वेगळी आणि तारीफ करणारेही वेगळे.

हे आठवायचं कारण माझा पुतण्या. नंदुरबारला गॅरेजात काम करतो. इंजिनचा आवाज ऐकून दुखणं सांगतो. रविवारी मोबाइलवर फॉर्म्युला वनची शर्यत बघतो, कोणत्या गाडीनं किती सेकंदांत टायर बदलले ते तोंडपाठ. मी सहज विचारलं, "अरे, रॅली बघतोस का कधी?" तो म्हणाला, "कसली रॅली, चाचा? निवडणुकीची?"

मी हसलो, पण ते उत्तर मनातून गेलं नाही. आपल्याकडे मोटारींची शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन, एवढंच समीकरण उरलंय. नारायण कार्तिकेयन 2005 साली तिथं पोहोचला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. 2011 साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. 2011, 2012, 2013, तिन्ही वर्षं सेबास्टियन फेटेल जिंकला. मग करांचे वाद झाले. हा खेळ की करमणूक, यावर सरकार आणि आयोजक यांचं एकमत होईना. चौथी शर्यत झालीच नाही.

त्याआधी आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं शर्यती झाल्या. आणि हिमालयन रॅली! 1980 साली सुरू झाली, दहा वर्षं चालली. तिच्यामागे मुंबईचे नाझिर हुसेन होते. पुढे हेच हुसेन फॉर्म्युला वनमध्ये पंच म्हणून बसले. 1998 च्या ब्रिटिश ग्रां प्रीत मायकेल शूमाकरच्या शिक्षेवरून मोठा घोळ झाला, तेव्हा परवाना परत करणाऱ्या तीन पंचांत ते एक होते. शूमाकर आमच्या पोरांना ठाऊक आहे. हुसेन कोण, ते मुंबईच्या पोरांनाही विचारून बघा.

रॅली कशी असते ते थोडक्यात सांगतो. गोल ट्रॅक नसतो. आपलेच घाटाचे, धुळीचे रस्ते काही तास बंद करतात. गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतरानं सुटतात आणि लढत असते घड्याळाशी. गाडीत दोघं. एक चालवतो, दुसरा मांडीवर वही घेऊन पुढचा रस्ता वाचत जातो: डावं वळण, किती तीव्र, पुढे उंचवटा, मग खडी. दिसण्याआधी रस्ता शब्दांत येतो आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून दुसरा माणूस पाय दाबतो. कवीला हेवा वाटावा असं हे वाचन आहे. आमच्या शब्दावर एवढा भरवसा कोण ठेवतो!

आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' होत असे, राष्ट्रीय स्पर्धेचा भाग म्हणून. किती वर्तमानपत्रांनी तिला जागा दिली? दिली तर आतल्या पानावर चार ओळी. गौरव गिल 2013, 2016 आणि 2017 साली आशिया-पॅसिफिक रॅलीचा विजेता झाला. मोटार शर्यतींतला पहिला अर्जुन पुरस्कार 2019 साली मिळाला तोही त्यालाच, म्हणजे रॅलीवाल्याला. तरी माझा पुतण्या निवडणूकच समजतो.

यात आपलाच दोष आहे असंही नाही. जगातही हेच झालं. 1980 च्या दशकात स्पोर्ट्स कारच्या लांब पल्ल्याच्या शर्यती जोरात होत्या. जग्वार, मर्सिडीज, पोर्शे सगळे त्यात. शूमाकरही मर्सिडीजची अशीच गाडी चालवत फॉर्म्युला वनमध्ये आला. मग नियम बदलला. इंजिन साडेतीन लिटरचं करा, म्हणजे त्या वेळच्या फॉर्म्युला वनसारखंच. खर्च वाढला, गाड्या रोडावल्या. एवढं महाग इंजिन करायचंच तर थेट तिकडेच का जाऊ नये, असा हिशेब कंपन्यांनी केला. 1992 नंतर ती जागतिक स्पर्धा बंद पडली. पुन्हा उभी राहिली 2012 साली, वीस वर्षांनी. हे मुद्दाम केलं असं म्हणणारे आहेत. मी त्या वादात पडत नाही. पण नियम करणारा आणि दुकानात वाटा असणारा एकच असला तर शेजारच्या दुकानाचं काय होतं, ते आपल्याला कळतं.

युरोपियन आयोगानं 1999 मध्ये मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेवर साधारण हाच आक्षेप ठेवला. 2001 मध्ये तडजोड झाली. संघटनेनं नियम सांभाळायचे, धंद्यापासून दूर राहायचं. फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क शंभर वर्षांच्या करारानं बर्नी एक्लस्टोन यांच्या कंपनीकडे गेले. यात एक गंमत आहे. तक्रार करणाऱ्यांत एक जर्मन गृहस्थ होता, ट्रकच्या शर्यतींचं चित्रीकरण करणारा.

हे मी भाईजानना सांगितलं. ते तीस वर्षं ट्रकवर होते, सुरत-धुळे रस्त्यावर. म्हणाले, "ट्रकची शर्यत? आमची रोजच होती. केळी पिवळी पडायच्या आत दिल्ली गाठायची." बुद्ध सर्किटवर 2014 पासून काही वर्षं ट्रकच्या शर्यती झाल्या आणि 2016 पासून त्यात आपले ट्रकचालकही उतरले, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मला हे ओळखीचं आहे. कविसंमेलनात माईकपाशी गेलो की मागून आवाज येतो, "गझल होऊ द्या!" गझलेशी माझा झगडा नाही, मीही लिहितो. पण खिशात घडी घालून आणलेली दुसरी कविता तशीच घरी परत नेताना कसं वाटतं, ते मला माहीत आहे. आणि पुढच्या वेळी ती लिहिलीच जात नाही.

पुतण्याचं नुकसान मला इथं दिसतं. फॉर्म्युला वनची गाडी तो हातानं कधी शिवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्यानं शर्यत फक्त बघायची ठरवली. रॅलीतली गाडी साध्या गाडीवरून तयार होते, रात्रीत खोलून पुन्हा जोडावी लागते, तिला त्याच्यासारखे मेकॅनिक लागतात, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मीही उशीरा सांगितलं.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं साक्रीला एका लग्नाला निघालो. गाडी पुतण्याकडे, शेजारी भाईजान. कोंडाईबारीचा घाट लागला, अंधार पडलेला. भाईजानना आता कमी दिसतं. डोळे मिटूनच बोलू लागले, "आता उजवं. लांब आहे, सोडू नको. पुढे उतार, दुसऱ्यात टाक. डावीकडं मोरी आहे..." पुतण्या आधी हसला, मग गप्प झाला आणि ते सांगतील तशी गाडी वळवत राहिला. मी मागे बसलो होतो. मोरी आली, डावीकडंच होती.