यूडीकोलन : औषधाच्या कपाटातला सुगंध



यंदाच्या मालेसाठी कार्यवाहांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘यूडीकोलन’ असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सर, ते तापावरचं का?” माझे निम्मे व्याख्यान त्या प्रश्नातच आले.

इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींना ती बाटली आठवत असेल. दांडियाबाजारातल्या आमच्या घरी औषधांच्या कपाटात अमृतांजन आणि टिंक्चर आयोडीनच्या शेजारी ती उभी असे. कुणाला ताप चढला की वाटीत गार पाणी घ्यायचे, त्यात चार थेंब टाकायचे, जुन्या धोतराची चिंधी भिजवून तिची घडी कपाळावर ठेवायची. घडी गरम झाली की बदलायची. मी पुढे रसायनशास्त्र शिकवले, म्हणून सांगतो : यात जादू काही नव्हती. मद्यार्काची लवकर वाफ होते आणि वाफ होताना तो कातडीतली उष्णता घेऊन जातो. बाकीचे काम आईच्या हाताचे.

पण हे पाणी मुळात तापासाठी नव्हते, किंवा फक्त तापासाठी नव्हते. त्याची गोष्ट जर्मनीतल्या कोलोन शहराची, आणि ती सांगणारा माणूस तिथे उपरा. योहान मारिया फरिना हा १६८५ साली उत्तर इटलीतल्या एका डोंगरी खोऱ्यात जन्मला. फरिना घराण्याची पेढी कोलोनमध्ये १७०९ साली निघाली. ती आजही चालू आहे. त्या काळी युरोपात कस्तुरीसारखे जड, दडपून टाकणारे वास चालत. फरिनाने बर्गमॉट, लिंबू, संत्रे यांच्या सालींची तेले आणि नारिंगीच्या फुलांचा अर्क शुद्ध मद्यार्कात मिसळला. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या वासाची तुलना पाऊस पडून गेलेल्या इटलीतल्या वसंतातल्या सकाळीशी केली होती, हे प्रसिद्धच आहे. मला त्यातली एक गोष्ट नेहमी विचारात पाडते. वास त्याने मागे टाकलेल्या गावाचा ठेवला आणि नाव मात्र ज्या शहराने त्याला थारा दिला त्याचे दिले. गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आलेल्या आणि घरात अजून गोडा मसाला कुटणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

लोक हे पाणी अंगाला लावत, तसे साखरेवर घालून पोटातही घेत. मग १८१० साली नेपोलियनच्या राजवटीत हुकूम निघाला की गुप्त औषधांच्या कृती सरकारला उघड कराव्यात. कृती सांगायची नसेल तर एकच वाट होती : हे औषध नाही, अंगाला लावायचे पाणी आहे, असे म्हणणे. उत्पादकांनी ती पकडली. खुद्द नेपोलियन ते अंगावर भरपूर ओतून घेत असे. म्हणजे तिकडे जे औषधाच्या कपाटातून आरशापुढे गेले, ते आपल्याकडे येऊन पुन्हा औषधाच्या कपाटात बसले.

आता थोडे रसायन. बर्गमॉट हे फळ मुख्यतः दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाच्या किनारपट्टीत होते. खाण्याच्या कामाचे नाही, मोल सालीला. ज्यांनी अर्ल ग्रे चहा प्यायला असेल त्यांना तो वास माहीत आहे. नसेल तर ईडलिंबाची साल नखाने खरवडून पाहा, जवळपास पोहोचाल. ही तेले उकळून काढत नाहीत, साल दाबून काढतात. लहानपणी आपण निरांजनासमोर संत्र्याची साल चिमटीत पिळायचो आणि ज्योतीत तडतड ठिणग्या उडायच्या (त्यासाठी मारही खाल्ला आहे). ते पेटणारे म्हणजे हेच तेल, बहुतांशी लिमोनीन. त्याचे रेणू लहान आणि हलके, म्हणून ते झटकन नाकापर्यंत येतात आणि झटकन निघूनही जातात. वाळ्याचे किंवा चंदनाचे अत्तर कानातल्या फायात संध्याकाळपर्यंत टिकते. कोलनमध्ये सुगंधी तेल साधारण दोन ते पाच टक्के, उरलेला बहुतेक मद्यार्क. त्यामुळे तासाभरात सारे संपते. पुष्कळ ग्राहक याला फसवणूक समजतात. १९६६ साली एदमों रुदनित्स्का या फ्रेंच सुगंधकाराने दिओरसाठी ‘ओ सोवाज’ केले, त्यात लिंबाच्या ताजेपणाखाली जाईची आठवण देणारे हेडिओन हे द्रव्य घालून तो हलकेपणा जरा लांबवला. आज दुकानांत पुरुषांसाठी म्हणून उन्हाळ्यात जी ताज्या लिंबूवासाची बाटली मिळते, तिच्यामागे हा सगळा प्रवास आहे.

एक सावधगिरी सांगतो, कारण आपला वैशाख साधा नव्हे. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. ते लावून उन्हात गेले की कातडीवर काळे डाग पडू शकतात. आता बऱ्याच ठिकाणी ते काढून टाकलेले तेल वापरतात, तरी मानेवर शिंपडून दुपारी बाहेर पडण्यापेक्षा रुमालावर टाकलेले बरे. बाटलीही खिडकीत ठेवू नये. उन्हाने वास कडवट होतो.

रुमालावर टाकायची रीत मी अण्णांकडून, माझ्या वडिलांकडून, शिकलो असे म्हणायला हवे. पण मी ती पाहिली एकदाच. ते रावपुऱ्यात एका कचेरीत कारकून होते, सायकलने जात. मी आठ वर्षांचा असेन. मे महिन्यातली सकाळ होती. अण्णांनी कपाट उघडले, रुमालावर दोन थेंब टाकले, रुमाल खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघून जरासे ओशाळे हसले. लग्नात मनगटाच्या मागे अत्तर लावून घेणारा माणूस रोजच्या दिवशी दोन थेंबांसाठी लाजत होता, हे मला तेव्हाही चमत्कारिक वाटले. आपल्या मध्यमवर्गाने पुरुषाचा सुगंध मांडवापुरता ठेवला. एरवी तो छचोरपणा.

पण लाजेचे कारण तेवढेच नव्हते. आई स्वयंपाकघरातून आली, काही बोलली नाही आणि एकामागून एक सगळ्या खिडक्या उघडत गेली. अण्णांनी रुमाल काढून मोरीत धुतला, ओलाच पिळून खिशात घातला आणि ते निघाले.

माझ्या आधीची एक बहीण होती. मुदतीच्या तापात गेली. ती गेली तेव्हा एकोणीस दिवस त्या घरात घड्या बदलल्या जात होत्या, हे मला आत्याने सांगितले, तेही मी कॉलेजात गेल्यावर. त्यानंतरही बाटली घरात राहिली, कारण आम्हा भावंडांना ताप येतच होता आणि आई घड्या ठेवतच होती. तापात तिने तो वास सोसला. तो अण्णांच्या अंगाला आलेला मात्र तिला सोसवला नाही. अण्णांनी पुन्हा कधी लावले नाही. ऐंशी वर्षे जगले, उन्हाळ्यात वाळ्याचे पाणी प्यायले, साधा साबण वापरला.

गेल्या वर्षी माझ्या पंचाहत्तरीला नातवाने मला अशीच एक बाटली आणून दिली. “आजोबा, उन्हाळ्यात लावा, फ्रेश वाटेल,” म्हणाला. ती सहा महिने कपाटात होती. कपडे ठेवतो त्या कपाटात. औषधांच्या नव्हे, याची मी काळजी घेतली. आई जाऊन आता वीस वर्षे झाली, तरी झाकण उघडताना मी खिडकीकडे बघितले.

आज इथे यायला निघताना रुमालावर थोडे टाकले. पहिल्या रांगेतल्यांना सुरुवातीला कदाचित आला असेल. आता रुमालात काही राहिलेले नाही.