चांदा पाहायला जाऊ या

(सावली, जि. चंद्रपूर येथे 3 जानेवारीला बचत गटांच्या महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



आज सावित्रीबाईंची जयंती. मी शिक्षणावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. दरवर्षी बोलतेच. आज मात्र मी फिरायला जाण्यावर बोलणार आहे. हसू नका. हा विषय मला तुमच्यापैकीच एका बाईने दिला आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या एका कामासाठी आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो होतो. काम दुपारी एकलाच संपलं आणि परतीच्या गाडीला अडीच तास होते. मी म्हटलं, स्टँडवर जाऊन बसू. ती म्हणाली, "मॅडम, मी चांद्याले चवदा डाव आली. सासूचं आपरेशन, पोरीचा दाखला, केसची तारीख. पन चांदा काही पायला नाही."

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. शहरात शिकलेली. मी तरी काय पाहिलं होतं? कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, पोलीस ठाणं, दवाखाना. त्या दिवशी आम्ही ऑटो केला आणि थेट गोंडराजांच्या समाध्यांपाशी गेलो. तिथल्या दगडी सावलीत बसून शिदोरी सोडली. जेवता जेवता तिने विचारलं, "हे कोनं बांधलं?" मी सांगितलं, "राणी हिराईने." ती म्हणाली, "बाईनं?" आणि तिने हातातला घास तसाच खाली ठेवला.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

मध्यंतरी एका मासिकात भूमध्य समुद्राकाठच्या शहरांवर लेख वाचला. बार्सिलोना, नेपल्स, दुब्रोवनिक. तिकडे ऊन भरपूर, म्हणून उत्तरेकडच्या थंड देशांतली माणसं मुद्दाम तिथे जातात. जाऊन काय करतात? सकाळी जुनं गाव पाहतात. दुपारी सावलीला बसतात. संध्याकाळी रस्त्यावर चालतात. क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला गावाभोवती दगडी तट आहे, जवळपास दोन किलोमीटरचा. त्या तटावरून चालायला लोक तिकीट काढतात. 1979 पासून ते जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

वाचताना मला वाटलं, हे सगळं आपल्यापासून सत्तर किलोमीटरच्या आत आहे की! तट आहे. ऊन तर असं की मे 2019 मध्ये चंद्रपूरचा पारा 48 अंशांपर्यंत गेला होता. समुद्र तेवढा नाही. त्या जागी इरई आणि झरपट या दोन नद्या आहेत. आणि फिरायला जाणारी बाई नाही.

ती का नाही, याचा विचार आपण करू. पुरुष मोटरसायकल काढतो आणि संध्याकाळी येऊन सांगतो, "चांद्याले गेलो होतो." कशाला, असं त्याला कोणी विचारत नाही. बाईने मात्र कारण द्यावं लागतं. आजारपण, लग्न, मयत, देवदर्शन, नाहीतर सरकारी कागद. आपल्यातल्या कितीतरी जणी डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. पायाला फोड आले. त्या चालण्याला कारण होतं, आणि मोठं कारण होतं. 2015 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, 2021 मध्ये उठली, तो हिशेब आपण वेगळा मांडू. मला एवढंच विचारायचं आहे, की नागपूरपर्यंत मोर्चाने चालत जाणारी बाई चंद्रपूरच्या तटावर अर्धा तास सहज का चालू शकत नाही?

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. बाईला रस्त्यावर उगाच, बिनकामाचं थांबता आलं पाहिजे. तोही हक्कच आहे. मुंबईतही बाई हातात पिशवी घेऊन, काहीतरी कामाला निघाल्यासारखी भराभर चालते. आपली सावलीची बाई डोक्यावर मोळी असली की रस्त्याने बिनधास्त चालते. डोकं रिकामं असलं की तिला विचारतात, "कायले फिरते वो?"

तर मी आज एका दिवसाची सहल कशी करायची ते सांगते. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या.

पहिली गोष्ट, वेळ. जायचं ते आता, पौष-माघात. धान घरात आलं आहे आणि ऊन अजून डोक्यावर चढलेलं नाही. मे महिन्यात चंद्रपूर पाहायला जाणं म्हणजे आजार विकत आणणं.

दुसरी गोष्ट, पैसे. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या आजीला तर 2022 पासून तिकीटच नाही. तेव्हा आजीला घरी ठेवायचं कारण उरलं नाही. संक्रांतीला वाण लुटायला आपण दरवर्षी प्लॅस्टिकच्या वाट्या आणि डबे आणतो. ते पैसे यंदा सहलीला घाला. दुसरं असं की, हळदीकुंकवाला आपल्या विधवा बहिणीला दारातच थांबवलं जातं. एसटीच्या दारात तिला कोणी थांबवत नाही.

तिसरी गोष्ट, सकाळ. पहिल्या गाडीने निघा आणि ऊन कोवळं आहे तोवर तट पाहून घ्या. या परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. दरवाजावर मान वर करून बघा, हत्तीवर झेपावलेला सिंह दगडात कोरलेला दिसेल. ती गोंड राजांची खूण. आपल्यातल्या गोंड बहिणींनो, ती तुमच्या पूर्वजांची खूण आहे, पोरींना बोट दाखवून सांगा. हा तट झुडपांनी आणि कचऱ्याने भरला होता. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो साफ करायला घेतला, म्हणून आज त्यावर पाय ठेवता येतो. दुब्रोवनिकच्या तटापेक्षा हा कितीतरी लांब आहे. सगळा चालायला गेलात तर दिवस जाईल. थोडा चाला, पण वर चढा. गाव उंचावरून पाहण्याची सवय आपल्याला नाही. एकदा वरून पाहिलं की समजतं, आपण ज्या कचेरीच्या नावाने घाबरतो ती केवढीशी इमारत आहे.

चौथी गोष्ट, राणी हिराई. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली सर्वांत देखणी बीरशहाची. राजा मारला गेल्यावर हिराईने ती बांधून घेतली. लोक कौतुकाने म्हणतात, ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, हा बायकोने नवऱ्यासाठी. खरं आहे. पण एवढंच सांगून थांबू नका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दत्तक मुलगा रामशहा लहान असताना चांद्याचा कारभार तिने पाहिला. महाकालीचं मंदिरही तिनेच बांधून घेतलं असं सांगतात. बाईची आठवण ठेवताना लोक तिचं पतिप्रेम लक्षात ठेवतात आणि कारभार विसरतात. आपण दोन्ही लक्षात ठेवू.

महाकालीच्या दर्शनाला ज्यांना जायचं त्यांनी जावं. चैत्रात नांदेड-परभणीकडच्या हजारो बाया तिथे येतात. देवीच्या निमित्ताने का होईना, त्या घराबाहेर पडतात, नदीकाठी चूल मांडतात, मोकळ्याने गातात. दीक्षाभूमी तर सगळ्यांनीच पाहावी. नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची, ती सगळ्यांना माहीत असते. दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. आपल्या जिल्ह्यातल्या किती आज्या त्या गर्दीत असतील! ज्यांच्या घरात त्या आठवणी आहेत त्यांनी त्या जागेवर उभं राहून इतरांना सांगाव्यात.

पाचवी गोष्ट, दुपार. बारा ते चार सावलीला बसा. त्या भूमध्य समुद्राकाठी पुष्कळ गावांत दुपारी दुकानं बंद असतात. माणसं घरात जेवून आडवी होतात. पांढऱ्या भिंती, अरुंद गल्ल्या, लाकडी झडपा, सगळं उन्हाचा विचार करून बांधलेलं. आपल्याकडेही कवेलूच्या घराला सपरी असते. दुपारी सपरीत बाज टाकून कोण झोपतं, आणि त्या वेळी भांडी कोण घासतं? तिकडच्या बायकांनाही हाच प्रश्न पडत असेल. म्हणून सहलीच्या दिवशी दुपारी झाडाखाली चादर टाकून खुशाल लवंडा. कोणाला चहा करून द्यायचा नाही.

सहावी गोष्ट महत्त्वाची, पाणी आणि लघवी. हसू नका, यात जीव जातो. बाई प्रवासाला निघताना पाणी पीत नाही, कारण पुढे संडास कुठे मिळेल याची खात्री नसते. उन्हाच्या शहरात पाणी न पिता फिरणं म्हणजे चक्कर, उन्हाळी लागणं, लघवीचा जंतुसंसर्ग. मुंबईत बायकांच्या संस्थांनी 2011 मध्ये 'राइट टू पी' या नावाने मोहीमच सुरू केली, स्वच्छ आणि मोफत मुतारीच्या हक्कासाठी. आपण सहलीत एक काम करू. कुठे संडास आहे, कुठे कुलूप आहे, कुठे पैसे मागतात, कुठे दाराला कडी नाही, हे दोन मुली वहीत लिहून घेतील. ती वही आपण महानगरपालिकेला देऊ. मात्र पाणी भरपूर प्या.

सातवी गोष्ट, संध्याकाळ. इटलीत संध्याकाळी म्हातारे, पोरं, बाया, सगळे चांगले कपडे घालून गावातल्या मोठ्या रस्त्यावर नुसते चालतात. या चालण्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, पासेजाता. खरेदी नाही, काम नाही. भेटायचं, बोलायचं. आपल्याकडे संध्याकाळ ही बाईच्या परत येण्याची वेळ. नवऱ्याची भीती असते ती असतेच, पण इथे वाघाचीही आहे. फाट्यावर उतरून जंगलातून गावापर्यंत अंधारात चालणं किती धोक्याचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मोहफुलाला गेलेल्या बाया आपण गमावल्या आहेत. म्हणून मी खोटं धैर्य सांगणार नाही. लांबच्या गावच्या बायांनी उजेडात परतायचं, किंवा सावलीत कोणाकडे मुक्काम करायचा. तो मुक्काम आपण आधी ठरवू. चंद्रपुरात मात्र निघण्यापूर्वी रामाळा तलावाच्या काठी जाऊ. अर्धा तास. मोबाइल पिशवीत ठेवून, एकमेकींचे हात धरून.

आता तुमच्या मनातले प्रश्न. घर कोण पाहील? ज्या दिवशी तुम्ही दवाखान्यात असता त्या दिवशी जो पाहतो, तोच पाहील. नवरा काय म्हणेल? काहीजणींचा काहीच म्हणणार नाही. काहीजणींना मार पडू शकतो, हे मला माहीत आहे. त्या बाईने एकटीने भांडू नये. तिच्या गटातल्या चौघींनी आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगावं, आम्ही हिला नेतो आणि आणून सोडतो. परतल्यावरही चौघींनी दारापर्यंत जावं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

मी घरी बसून या भाषणाची तयारी करत होते तेव्हा कारणांची यादी केली होती. शहर ओळखीचं झालं की बाई ठाण्यात जायला घाबरत नाही. रस्ते माहीत असले की दलाल लागत नाही. मुली शिकायला पाठवायचं धाडस होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. मग मीच थांबले. बाईच्या आनंदाला प्रत्येक वेळी उपयोगाचा दाखला जोडावा लागतो, आणि तो दाखला मीही जोडत बसले होते! म्हणून ती यादी मी बाजूला ठेवली. आपण चांदा पाहायला जायचं, कारण आपल्याला चांदा पाहायचा आहे.

माझ्या त्या मैत्रिणीने परतीच्या गाडीत मला विचारलं होतं, "घरी इचारलं, एवढा येळ कुठी होती, तं काय सांगू?" मी म्हटलं, तू काय सांगशील? ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. मूल गेलं, सावली जवळ आली, तेव्हा म्हणाली, "सांगीन, हिराईकडे गेली होती."

आज ती इथे मागच्या रांगेत बसली आहे. चहानंतर ती नावं लिहून घेणार आहे. संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार ठरवू या का? हात वर करा.