लोककलेचा मान आणि कलावंताचा अवमान

(बेंगळुरू येथे मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजम्मा जोगती राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारण्यास पुढे आल्या, तेव्हा त्यांनी आधी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. हे दृश्य देशभर पाहिले गेले आणि त्याचे कौतुक झाले. त्याआधी २०१९ साली बेंगळुरूच्या कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्षपदी त्यांची नेमणूक झाली होती. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या तृतीयपंथी कलावंत होत. बळ्ळारी जिल्ह्यात मुलगा म्हणून जन्मलेले, घरच्यांनी देवीला सोडलेले, भीक मागून जगलेले आणि जोगती नृत्याच्या बळावर उभे राहिलेले हे आयुष्य. पण ज्या समाजाने पडद्यावर टाळ्या वाजवल्या, तोच समाज चौकातल्या सिग्नलवर जोगती दिसली की मोटारीची काच वर करतो. कलेला मान आणि कलावंताला अवमान, हा अंतर्विरोध कोठून येतो, हा आजचा प्रश्न आहे.

ढोलावरची बंदी आणि नाचावरची बंदी

सत्ताधारी वर्गाला कलेचे सामर्थ्य नेहमीच कळलेले असते. १७३९ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना वसाहतीत गुलामांनी उठाव केला. उठाववाले ढोल वाजवीत, माणसे गोळा करीत पुढे चालले होते. उठाव चिरडल्यानंतर १७४० साली मळेवाल्यांनी जो कायदा केला, त्यात गुलामांच्या ढोल वाजविण्यावरच बंदी घातली.

हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेनेही वेगळे केले नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा भटक्या जमातींच्या संदर्भात सर्वांना माहीत आहे. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. सरकारी नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर येणे, सार्वजनिक जागी नाचणे किंवा वाद्य वाजविणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरविण्यात आला. याचा अर्थ उघड आहे. ज्या कलेवर पोट भरत होते, तीच कला गुन्हा ठरली. ज्यांच्या हाती जमीन नव्हती, ज्यांना दुसरा धंदा कोणी देत नव्हते, त्यांचे उपजीविकेचे साधन एका कलमाने काढून घेतले. ‘तृतीयपंथी भीक का मागतात?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर स्वभावात नव्हे, तर या इतिहासात शोधावे लागते.

हा इतिहास संपलेला नाही. २०११ साली कर्नाटक पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलिसांना देण्यात आला. स्वतंत्र भारतात १८७१ ची नोंदवही पुन्हा उघडली गेली. संघटनांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा सरकारला तो शब्द कलमातून काढावा लागला.

ब्लूज गाणाऱ्या स्त्रिया

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीचा अभ्यास मार्क्सवादी दृष्टीने करणाऱ्या अँजेला डेव्हिस यांनी १९९८ साली मा रेनी, बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे या गायिकांवर ग्रंथ लिहिला. त्यातील एक मुद्दा फार मोलाचा आहे. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांच्या आर्थिक स्थितीत फारसा फरक पडला नाही. मात्र कोठे जावे आणि कोणावर प्रेम करावे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य प्रथमच हाती आले. म्हणून ब्लूज गाण्यांत प्रवास आणि प्रेम पुन्हा पुन्हा येतात. वरवर शृंगारिक दिसणारे ते गाणे मालकाच्या ताब्यातून सुटलेल्या शरीराचे गाणे होते. १९२८ साली मा रेनी यांनी स्त्रीने स्त्रीवर केलेल्या प्रेमाचे गाणे उघडपणे ध्वनिमुद्रित केले. ते ऐकणारे श्रोते प्रामुख्याने कष्टकरी होते. समलिंगी प्रेम हा श्रीमंतांचा शौक आहे, या समजुतीला हा एक पुरावाच छेद देतो.

पुढे चळवळीने ही गोष्ट विसरण्याचा प्रयत्न केला. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे मुख्य संघटक बेयार्ड रस्टिन होते. परंतु ते समलिंगी असल्यामुळे सहकारी नेत्यांनी त्यांना शक्यतो पडद्यामागे ठेवले. या वृत्तीविरुद्ध स्वच्छ भूमिका घेतली ती ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्युई न्यूटन यांनी. १५ ऑगस्ट १९७० च्या भाषणात त्यांनी कार्यकर्त्यांना बजावले की, समलिंगी व्यक्तींविषयी मनात असलेली भीती तपासा, त्यांना शिवी म्हणून वापरले जाणारे शब्द सोडून द्या, ते क्रांतीचे शत्रू नसून कदाचित सर्वांत क्रांतिकारक ठरतील. १९७७ साली बोस्टनच्या कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाने वंश, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांवर आधारलेली दडपणे एकमेकांत गुंतलेली असून त्यांच्याविरुद्धचा लढाही एकत्रच लढावा लागेल, असे मांडले. हा गट स्वतःला समाजवादी म्हणवीत होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पँथरकडून काय घेतले, काय राहिले

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, ती ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून. १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दाची व्याख्या व्यापक केली होती. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक वा धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व तिच्यात सामावले होते. धर्माच्या नावाने पिळला जाणारा माणूस म्हणून जोगत्याइतके नेमके उदाहरण दुसरे कोणते? डोक्यावर देवीचा जग, हाती परडी, चौंडक्याच्या तालावर घरोघर जोगवा. तरीही त्या व्याख्येचे दार त्याच्यासाठी उघडे आहे, हे जाऊन सांगण्यास त्या काळी फारसे कोणी पुढे आले नाही. न्यूटन यांच्या पक्षाचे नाव मुंबईत पोहोचले. त्यांचे १९७० चे भाषण मात्र वाटेतच राहिले.

मराठी चित्रपटाने हा विषय उशिरा हाती घेतला. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांच्या आधारे २००९ साली ‘जोगवा’ हा चित्रपट आला. त्यातील जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० च्या ‘नटरंग’मध्ये पहिलवानी शरीराचा शेतमजूर कलेपायी तमाशातला नाच्या होतो आणि गावाची विटंबना सोसतो. दोन्ही चित्रपटांनी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला अस्वस्थ केले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन्हींचा नायक पुरुष आहे, स्त्रीवेष त्याच्यावर लादला गेला आहे, आणि गमावलेले पुरुषपण हीच त्याची वेदना आहे. ज्याला लुगडे ही शिक्षा वाटत नाही, उलट देवीच्या नावाने नेसलेले लुगडे हीच स्त्री म्हणून जगण्याची एकमेव परवानगी वाटते, त्याला या कथांमध्ये जागा नाही.

नेमका येथेच प्रश्नाचा गाभा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने चाललेली ही प्रथा शोषणाची आहे, आणि तीच अनेकांचा शेवटचा आसराही आहे. कर्नाटकाने १९८२ साली देवदासी सोडण्यास बंदी करणारा कायदा केला, तो योग्यच होता. परंतु घर, शाळा आणि कारखाना हे तिन्ही दरवाजे बंद असताना देवळाचाही दरवाजा लावला, तर माणूस रस्त्यावर येतो. प्रथा गेली पाहिजे. माणूस मात्र जगला पाहिजे.

बेंगळुरूने दाखविलेली वाट

या शहरात ही वाट आधी पीडितांनी स्वतः शोधली. १९७३ साली मंत्री बसवलिंगप्पा यांनी कन्नड साहित्यातील बरेचसे ‘बूसा’, म्हणजे भुसा, आहे असे म्हटले आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्या वादळातून दलित तरुणांची नवी पिढी पुढे आली. १९७५ साली सिद्धलिंगय्या यांचा पहिला कवितासंग्रह आला. कोणाची संस्कृती, कोणी सांगायची, हा प्रश्न तेव्हा जातीच्या अंगाने विचारला गेला. पुढे तो लिंगभावाच्या अंगाने विचारला गेला. २००३ साली पीयूसीएलच्या कर्नाटक शाखेने कोती व हिजडा समुदायावरील पोलिसी व सामाजिक अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. येथील संगमा संस्थेत काम केलेल्या ए. रेवती यांनी आधी आपल्या समुदायातील इतरांच्या कहाण्या तमिळमध्ये गोळा केल्या आणि २०१० साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते कन्नडमध्ये आणले दलित स्त्रीवादी कवयित्री दु. सरस्वती यांनी, आणि त्यावरून ‘बदुकु बयलु’ हे नाटक रंगभूमीवर आले. दलित कवयित्रीची लेखणी आणि हिजडा स्त्रीची कहाणी यांची ही भेट म्हणजे प्रत्यक्षात उतरलेली एकजूट होय.

लढ्याचे फळही मिळाले. २०२१ साली राज्य सरकारच्या नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना १ टक्का आरक्षण देणारे कर्नाटक हे पहिले राज्य ठरले. मात्र केंद्राच्या २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला ६ महिने ते २ वर्षे इतकीच शिक्षा ठेवण्यात आली. स्त्रीवरील बलात्काराला तेव्हा किमान १० वर्षे होती. कोणाच्या शरीराची किंमत किती, हे कायद्यानेच लिहून ठेवले.

आक्षेप आणि आत्मपरीक्षण

काही साथी म्हणतील की, हा वरच्या इमल्याचा प्रश्न आहे, त्याने वर्गीय एकजूट फुटते. उत्तर सरळ आहे. लहानपणी घरातून व शाळेतून हाकललेला माणूस श्रमाच्या बाजारात सर्वांत तळाशी फेकला जातो. भीक आणि देहविक्रय ही आर्थिक परिस्थिती आहे. एकजूट फुटते ती हा प्रश्न मांडल्याने नव्हे. कामगारांच्या एका भागाने दुसऱ्या भागाला हसण्याने ती फुटते.

कम्युनिस्ट चळवळीचा इतिहासही येथे निर्दोष नाही. क्रांतीनंतर १९२२ च्या दंडसंहितेतून वगळलेला समलिंगी संबंधांचा गुन्हा सोव्हिएत संघाने १९३४ मध्ये पुन्हा आणला. क्यूबात १९६० च्या दशकात समलिंगी व्यक्तींना श्रमछावण्यांत पाठविले गेले. २०१० साली फिडेल कास्त्रो यांनी त्या अन्यायाची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि २०२२ च्या सार्वमताने तेथे समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. चूक मान्य करण्याने पक्ष दुबळा होत नाही, हा त्यातील धडा आहे.

महाराष्ट्रात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशा श्रमिकांच्या हाती दिला. त्या वारशाचे पुढचे पाऊल आज टाकायचे आहे. कलापथकांनी बायकी चालीच्या नकलेवर हशा मिळविणे बंद करावे. शाखेच्या बैठकीत आणि कारखान्याच्या फाटकावर ‘छक्का’ ही शिवी ऐकू आली, तर तेथल्या तेथे हरकत घ्यावी. जोगती, नाच्या आणि हिजडा कलावंतांचे रेशनकार्ड, घर, वृद्धापकाळचे मानधन आणि शिक्षण या मागण्या शेतमजूर व असंघटित कामगारांच्या मागणीपत्रकात लिहाव्यात. आणि व्यासपीठावर त्यांना नाचण्यापुरते बोलावू नये, बोलण्यासाठीही बोलवावे.

राष्ट्रपती भवनात मंजम्मांनी दृष्ट काढली, तो क्षण सुंदर होता. पण ज्या दिवशी सौंदत्तीच्या यात्रेतली अनोळखी जोगती पोलिसाला न घाबरता, कोणाच्या दयेवर न जगता, आपल्या कष्टाचा मोबदला मागू शकेल, त्या दिवशी त्या पदकाला खरा अर्थ येईल.