कोठार एक, दप्तरे दोन
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आज बियाणे-खते बाजूला ठेवून संगणकातील एका कोठाराविषयी बोलणार आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतील प्रबंध भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' या संग्रहात ठेवले जातात. हा संग्रह 'डीस्पेस' या संगणक प्रणालीवर उभा आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे ग्रंथालय व एच.पी. कंपनी यांनी ती तयार करून २००२ साली सर्वांना मोफत खुली केली.

प्रबंधाची फाईल डिस्कवर पडून असते. ती कोणाची, कोठे ठेवली, कोणी पाहावी, हे लिहिलेले असते दप्तरात, म्हणजे डेटाबेसमध्ये. गोदामात पोती आहेत पण नोंदवही हरवली, तर कोणते पोते कोणाचे? तसेच हे.

डीस्पेसचे मूळ दप्तर पोस्टग्रेस्क्यूएल, तेही मोफत. ज्या संस्थांकडे ओरॅकल हे विकतचे दप्तर होते, त्यांच्यासाठी पुढे त्याचीही सोय करण्यात आली. दोन्हींची भाषा एकच, एस.क्यू.एल.; बोली मात्र निराळी. जुन्या ओरॅकलला तक्त्याचे नाव ३० अक्षरांहून लांब चालत नसे. असा फरक लगेच कळतो, कारण काम तेथेच अडते. खरा धोका कोऱ्या रकान्याचा. माती परीक्षणाच्या अहवालात शेरा कोरा आहे: तपासनिसाने मुद्दाम कोरा ठेवला, की नोंद घ्यायचीच राहिली? पोस्टग्रेस हे दोन वेगळे धरते, ओरॅकल एकच मानते. तक्रार कोणीच करीत नाही, फक्त मोजणी चुकते.

बरे, हे एकदा करून भागत नाही. दुसरी बैलजोडी घेतली की वैरण रोज लागते. रचनेतला प्रत्येक बदल दोनदा लिहायचा, दोनदा तपासायचा. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत 'हायबरनेट' नावाचा दुभाषा मध्ये बसविला. रोजचे बोलणे सोपे झाले; तक्ते बदलण्याच्या आज्ञा मात्र वेगळ्याच राहिल्या. अखेर २०२३ मध्ये ओरॅकलचा आधार थांबविण्यात आला. माझ्या मते ते योग्यच झाले, पण ज्यांचे दप्तर त्यात होते त्यांना ते हलविणे भाग पडले.

आपल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्याही सभासदांचे सातबारे व माती परीक्षण अहवाल संगणकात ठेवू लागल्या आहेत. "आणखी एक डेटाबेस जोडून देतो" असे कोणी म्हणाले, तर दरवर्षी तो तपासणार कोण, हे आधी विचारावे. मग शंभर नोंदी निवडाव्यात. त्यांत कोरे रकाने असावेत, जोडाक्षरांची मराठी नावे असावीत. त्या नव्या दप्तरात नेऊन परत आणाव्यात व रकाना रकान्याशी ताडून पाहावा. ताळा जुळला तरी एक हंगाम जाईपर्यंत जुने दप्तर पुसू नये.